रात्रीच्या आकाशाच्या फोटोत आलेली अनोळखी रेघ कशी ओळखायची

वाईत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई आटोपली आणि अमावास्या जवळ आली, की ट्रायपॉड घेऊन मी धोमच्या बॅकवॉटरला किंवा आणखी आत, जोर खोऱ्यात जातो. पुण्या-साताऱ्याचा उजेड तिथं बराचसा डोंगरांआड राहतो. अलीकडे आमच्या भागात आकाशाचे फोटो काढणारी बरीच तरुण मुलं तयार झाली आहेत, आणि त्यांचा एक ठरलेला निरोप येतो: "दादा, फोटोत हे काय आलंय बघा ना." सोबत व्हॉट्सॲपवरून पाठवलेला, कापलेला, उजळवलेला एक फोटो.

त्या एका फोटोवरून खात्रीचं उत्तर देणं शक्य नसतं. व्हॉट्सॲपवरून जाताना फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ, लेन्स, एक्सपोजर ही माहितीही गळून जाते. कापलेल्या फोटोत आजूबाजूचे तारे नसतात, म्हणजे दिशा कळत नाही. म्हणून माझं पहिलं मागणं एकच असतं: कॅमेऱ्यातली मूळ फाइल, तिच्या आधीची फाइल आणि तिच्या नंतरची फाइल. या तीन फाइली हातात असल्या, तर बहुतेक रेघांचा उलगडा तिथंच होतो. म्हणूनच घरी आल्यावर "खराब" फ्रेम डिलीट करण्याची घाई करू नका. विमानाची रेघ आली म्हणून फेकून दिलेल्या फ्रेमच्या शेजारीच उल्का असू शकते.

निघण्याआधी घड्याळ लावा

कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू पुढे-मागे सरकत राहतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश सरकतं. घड्याळ दहा सेकंदांनी चुकलं, तर स्थानक तुमच्या हिशेबापेक्षा दहा अंश, म्हणजे वीस पूर्ण चंद्र मावतील इतकं लांब दिसेल, आणि तुम्ही म्हणाल, "इथं तर काहीच असायला नको होतं." निघण्यापूर्वी मोबाइलची वेळ पाहून कॅमेऱ्याची वेळ सेकंदापर्यंत जुळवा. त्याहून सोपं आणि पक्कं काम म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरच्या सेकंदकाट्याचा एक-एक फोटो काढून ठेवायचा. किती फरक पडला ते मागाहून कळतं.

जागाही तितकीच अचूक हवी. वाई आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर अंतर आहे. ५५० किलोमीटर उंचीवरचा एखादा उपग्रह या दोन ठिकाणांहून पाहिला, तर ताऱ्यांच्या तुलनेत त्याची जागा सहा-सात अंशांनी बदलते. ॲपमध्ये "पुणे" निवडून जोर खोऱ्यातला फोटो तपासला, तर उत्तर चुकणारच. जिथं ट्रायपॉड लावला तिथले अक्षांश-रेखांश टाका.

शेवटचं म्हणजे कॅमेऱ्यातलं 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' बंद ठेवा. ते चालू असलं, की तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद स्वतःच्या कामात अडकतो आणि नेमकी पुढची फ्रेम हातची जाते.

ते आकाशात आहे का, हे आधी ठरवा

ही पायरी सगळ्यांनाच टाळावीशी वाटते. पण माझ्याकडे येणाऱ्या फोटोंमधल्या कितीतरी "वस्तू" कॅमेऱ्याच्या आतच जन्मलेल्या असतात.

सगळ्यात फसवा असतो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा कायम पेटलेला ठिपका. एकट्या फोटोत तो पटकन कळतो: बारीक, टोकदार, बहुतेकदा निव्वळ लाल, निळा किंवा हिरवा. पण आपण तारे जुळवून फोटो स्टॅक करतो, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून एक फोटो बनवतो, तेव्हा गंमत उलटते. तारे जागेवर बसवण्यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं आणि त्यामुळे स्थिर असलेला हॉट पिक्सेल ताऱ्यांमधून संथपणे चालल्यासारखा दिसू लागतो, अगदी लघुग्रहासारखा. ओळखायचा उपाय सोपा आहे. न जुळवलेल्या मूळ फाइली उघडा आणि त्या ठिपक्यावर कर्सर ठेवून पिक्सेलच्या जागेचे आकडे पाहा. प्रत्येक फ्रेममध्ये तेच आकडे आले, तर तो सेन्सरचा दोष आहे. लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओवर, तितक्याच वेळेचा फोटो घेतला तरी तो त्याच जागी दिसेल.

एकाच फ्रेममध्ये आलेला, कडा अगदी तुटक असलेला छोटा ठिपका किंवा किड्यासारखी वाकडी रेघ बहुधा सेन्सरवर आदळलेल्या वैश्विक किरणाची असते. लेन्समधून आलेला तारा नेहमी किंचित पसरलेला असतो. हा पसरत नाही.

आता लेन्समधल्या परावर्तनाबद्दल. चंद्र, शुक्र किंवा धरणाच्या भिंतीवरचा एखादा प्रखर दिवा फ्रेममध्ये असला, की समोरच्या बाजूला हिरवट-निळसर डाग उमटतो. प्रखर दिव्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून एक रेषा ओढा आणि पलीकडे तेवढंच अंतर मोजा. डाग तिथं किंवा त्याच रेषेवर बसला, तर ते परावर्तनच. स्थिर ट्रायपॉडवरच्या टाइमलॅप्समध्ये चंद्र एका दिशेला सरकतो तेव्हा हा डाग उलट दिशेला सरकतो. ज्यांना हे माहीत नसतं त्यांना ती वस्तू ताऱ्यांविरुद्ध उडताना दिसते आणि ते मनापासून हादरतात. त्यांची घाबरगुंडी मला समजते, म्हणून ही रेषा ओढायची युक्ती मी आवर्जून शिकवतो.

मे अखेर ते जून, पावसाच्या तोंडावर, आपल्या घाटांत काजवे असतात. लेन्सजवळून गेलेला काजवा पिवळसर-हिरव्या तुटक ठिपक्यांची माळ सोडतो. ठिपके फोकसबाहेर, गोल, फुगलेले, आणि मार्ग वळणावळणाचा. गावाच्या दिव्याने खालून उजळलेलं घुबड किंवा वटवाघूळ पांढुरकी, रुंद, लाटांसारखी रेघ देतं, कारण पंखांची हालचाल तिच्यात उतरते. दिवाळीत सोडलेले आकाशकंदील नारिंगी असतात, वाऱ्याच्या दिशेने एकामागे एक जातात आणि विझतात.

सरळ रेघ: विमान, उपग्रह की उल्का

लोक वेगावरून ओळखायला जातात आणि तिथं घसरतात. दहा-साडेदहा किलोमीटर उंचीवरचं प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरने डोक्यावरून जातं तेव्हा सेकंदाला सव्वा-दीड अंश सरकतं. अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जात असूनही सेकंदाला अंशभरच सरकतं. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. तेव्हा वेग बाजूला ठेवा आणि रेघेची घडण पाहा.

रेघ शंभर टक्के मोठी करून बघा. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा दिवा असतो, शिवाय लुकलुकणारे प्रखर दिवे मिनिटाला ४० ते १०० वेळा चमकतात. त्यामुळे फोटोत एकमेकींना समांतर दोन-तीन बारीक रेघा आणि त्यांच्यावर सारख्या अंतराने ठळक ठिपके येतात. वीस सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये पंधरा ते तीस ठिपके दिसले, तर विषय संपला. दूरचं विमान असेल तर समांतर रेघा एकमेकींत मिसळतात, पण ठिपके राहतात. लोहगावकडे उतरणारं विमान समोरून आपल्याच दिशेने येत असेल, तर त्याचा प्रखर दिवा बराच वेळ एका जागी टांगल्यासारखा वाटतो. वळलं की खरं रूप दिसतं. शंका राहिलीच तर फ्लाइटरडार२४ वर मागच्या काही दिवसांतली उड्डाणं वेळेनुसार परत पाहता येतात.

उपग्रहाच्या रेघेत रंग नसतो आणि ठिपकेही नसतात. जाडी सारखी, उजेड हळूहळू वाढणारा किंवा कमी होणारा. शटर उघडं असताना तो सतत चालत असतो, त्यामुळे रेघेची टोकं सरळ कापल्यासारखी येतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये छोट्या फटीनंतर तीच रेघ त्याच सरळ मार्गावर सुरू होते. शेजारची फ्रेम का हवी, याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. कधी उपग्रहाची रेघ फ्रेमच्या मध्यातच विरून जाते: तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. गरगर फिरणारा जुना रॉकेटचा टप्पा काही सेकंदांच्या अंतराने चमकतो आणि विमानासारखा भासतो. पण त्याला लाल-हिरवं काही नसतं आणि मधला उजेडही पूर्ण तुटत नाही, मंद होत जाऊन परत चढतो.

मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकत्र गेले, तेव्हापासून "आकाशात आगगाडी दिसली" हे फोन वाढले. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हे उपग्रह एका ओळीत, एकामागे एक जातात. डोळ्यांना ठिपक्यांची रांग दिसते, पण फोटोत ते सगळे एकाच मार्गावरून गेल्यामुळे एकच लांब रेघ उमटते. आधीच विखुरलेले असतील तर तासाभराच्या स्टॅकमध्ये अनेक रेघांची जाळी दिसते.

आता एक गोष्ट, जी परदेशी मार्गदर्शकं वाचून आपल्याकडे चुकीची समजली जाते. युरोपात उन्हाळ्यात खालच्या कक्षेतले उपग्रह रात्रभर दिसतात. महाराष्ट्रात तसं नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, त्यामुळे मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या खूप खाली गेलेला असतो आणि पृथ्वीची सावली उंच चढते. सुमारे ५५० किलोमीटरवरचा, डोक्यावरून जाणारा उपग्रह सूर्यास्तानंतर पावणेदोन तासांच्या आसपासच सावलीत जातो. पश्चिमेकडचे आणखी थोडा वेळ टिकतात. रात्री साडेबाराच्या सुमाराला, अगदी जूनमध्येसुद्धा, या उंचीचे उपग्रह आपल्या आकाशात प्रकाशित नसतात. मध्यरात्रीच्या फोटोत ठळक रेघ आली, तर स्टारलिंक आणि अवकाश स्थानक यादीतून काढून टाका. उरतात विमान, उल्का आणि खूप वरच्या कक्षेतले उपग्रह. एवढ्या एका तपासणीने अर्धं काम हलकं होतं.

उल्केची रेघ दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये किंवा शेवटाकडे जाड, प्रखर असते. ती एकाच फ्रेममध्ये येते, कारण सगळा खेळ बहुधा सेकंदाच्या आत संपतो. ऑगस्टमधल्या ययाति उल्का सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येतात आणि त्यांची रेघ बहुधा हिरवी सुरू होऊन पांढुरकी किंवा लालसर होते. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरच्या, म्हणून जरा निवांत. रेघ मागच्या दिशेला वाढवून पाहा. मिथुन उल्का असेल तर ती पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टरजवळ पोहोचेल. मोठी उल्का पडली असेल तर पुढच्या फ्रेम जरूर तपासा. तिच्या मागे उरलेला धूसर पट्टा कधीकधी काही मिनिटं टिकतो आणि वरच्या वाऱ्याने वळत, पिळत जातो. तो पाहिला की अंगावर काटा येतो.

आणि एक वेगळाच पाहुणा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून, मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही, जळत्या तुकड्यांचा एक थवा संथपणे आकाश पार करताना दिसला. अनेकांनी उल्कावर्षाव म्हटलं. पण उल्का इतक्या रमत जात नाहीत आणि इतके तुकडे एकमेकांना समांतर, एकाच वेगाने बराच वेळ टिकत नाहीत. कक्षेतून पडणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, अगदी आडव्या मार्गाने हवेत शिरते, तुटत जाते आणि मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ दिसते. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी ज्यांच्याकडे अचूक वेळेचे फोटो होते, त्यांच्या फोटोंना खरी किंमत होती.

हळू चालणारे ठिपके

ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) लावून एखाद्या तेजोमेघाचे दोन-दोन मिनिटांचे फोटो घेत असाल, तर वेगळ्या वस्तू भेटतात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आपल्याला एका जागी दिसतात. तारे मात्र त्यांच्या मागून सरकतात. त्यामुळे ट्रॅकरविना घेतलेल्या फोटोत तारे रेघा होतात आणि हे ठिपके राहतात. ट्रॅकर लावला की उलटं: तारे ठिपके आणि हे उपग्रह सेकंदाला १५ आर्कसेकंदाने (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) पूर्वेकडे जाणाऱ्या छोट्या रेघा. एका मिनिटात अर्ध्या चंद्राएवढी.

त्यांचा पट्टा कुठं असतो हे आपल्या अक्षांशावर ठरतं. वाई-पुण्याहून तो उणे तीन अंश क्रांतीच्या (क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) किंचित खाली दिसतो, म्हणजे मृगाच्या पट्ट्यातल्या खालच्या ताऱ्याच्या जरा दक्षिणेला. हॉर्सहेड तेजोमेघ उणे अडीच अंशांवर आहे. महाराष्ट्रातून हॉर्सहेडचा फोटो घेणाऱ्याच्या फ्रेममध्ये एकाच ओळीतून एकामागे एक छोट्या रेघा येत राहिल्या तर घाबरू नका. आपल्या हवामान खात्याला ढगांची चित्रं देणारा इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर, जवळपास वाईच्याच रेखांशावर, याच पट्ट्यात आहे.

याहूनही संथ म्हणजे लघुग्रह. सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला ३० ते ४० आर्कसेकंद सरकतो. तुमच्या फोटोत ते किती पिक्सेल होतात, हे आधी काढा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागा. ३.७६ मायक्रॉनचा सेन्सर आणि ४०० मिमीची लेन्स असेल तर एक पिक्सेल म्हणजे जवळपास दोन आर्कसेकंद. म्हणजे दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये लघुग्रह अगदी ताऱ्यासारखा गोल दिसेल, पण तासाभराने अठरा-एक पिक्सेल पुढे गेलेला असेल. १३५ मिमीच्या लेन्सवर हेच अंतर सहा पिक्सेलचं, तिथं दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंगने (बाकीच्या फ्रेमपेक्षा वेगळं पडणारं गाळून टाकायची पद्धत) हलणाऱ्या सगळ्या गोष्टी पुसल्या जातात. सुंदर फोटोसाठी ते ठीकच, पण शोध घ्यायचा असेल तर स्टॅक करण्याआधी पाहा. तारे जुळवलेली पहिली आणि शेवटची फ्रेम एकावर एक दोन लेयरमध्ये ठेवा आणि वरचा लेयर बंद-चालू करत राहा. जे उडी मारेल ते हलतंय. हीच पद्धत क्लाइड टॉम्बॉने १९३० मध्ये वापरली. जानेवारीतल्या दोन रात्रींच्या काचेच्या प्लेट आलटून पालटून पाहताना १८ फेब्रुवारीला त्याला प्लूटो सापडला. आणि १९४९ मध्ये हार्वर्डला शिकणाऱ्या वेणू बाप्पूंना अशाच एका नेहमीच्या प्लेटवर अनपेक्षित धूमकेतू दिसला. बाप्पू-बोक-न्यूकर्क हे त्या धूमकेतूचं नाव. कावलूरची वेधशाळा उभी करणारा माणूस एके काळी आपल्यासारखाच एका फोटोसमोर "हे काय आहे" म्हणत बसला होता, याचा मला फार आधार वाटतो.

उडी मारणारा ठिपका धूसर असेल, त्याला हिरवट छटा किंवा एका बाजूला फिकट शेपूट असेल, तर धूमकेतू असण्याची शक्यता तपासा. मात्र त्याआधी परावर्तनाची मघाची रेषा पुन्हा ओढा.

जुळवणी, आणि जुळलं नाही तर

फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर टाका. तारे ओळखून तो फोटोतल्या प्रत्येक बिंदूचे निर्देशांक देतो. मग उपग्रहासाठी हेवन्स-अबव्ह किंवा स्टेलॅरियम उघडा. स्टेलॅरियममधली उपग्रहांची कक्षामाहिती फोटोच्या तारखेच्या आसपासची हवी; महिनाभर जुन्या माहितीवर स्टारलिंक मुळीच जुळणार नाही. लघुग्रह-धूमकेतूंसाठी मायनर प्लॅनेट सेंटरचा, म्हणजे त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा, एमपीचेकर आहे: तारीख, वेळ, निर्देशांक द्या, तिथं माहीत असलेल्या वस्तूंची यादी मिळते. एमपीचेकर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) मागतो, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. पहाटे साडेपाचच्या आधीचा फोटो असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते. इथं पुष्कळ जण अडकतात.

आज पॅन-स्टार्स, ॲटलस यांसारख्या दुर्बिणी रोज आकाश विंचरत असतात, त्यामुळे लेन्समध्ये येण्याइतकी प्रखर नवी वस्तू सापडणं अवघड आहे. पण अशक्य नाही. गेन्नादी बोरिसोव्ह यांनी ३० ऑगस्ट २०१९ ला स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून जो धूमकेतू टिपला, तो दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला निघाला.

काहीच जुळलं नाही, तर दुसऱ्या रात्री तोच भाग पुन्हा टिपा. एका रात्रीच्या नोंदीवर मायनर प्लॅनेट सेंटर शोध मानत नाही. प्रत्येक रात्रीच्या किमान तीन-चार फ्रेम आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. निर्देशांक मोजायला ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर वापरतात. पाठवण्याआधी ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा खगोल मंडळ अशा संस्थेतल्या अनुभवी माणसाला दाखवा. मोठी उल्का असेल तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या अर्जात वेळ, कुठून कुठे गेली, किती सेकंद दिसली आणि नंतर आवाज आला का, एवढं भरा. दुसऱ्या गावातल्या कुणी तीच टिपली असेल तर दोन्ही फोटोंवरून तिची उंची आणि मार्ग काढता येतो. मला पाठवायचा असेल तर रॉ फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, आधीच्या-नंतरच्या फ्रेमसकट, आणि फाइलींचे क्रमांक आहेत तसेच राहू द्या.